उन्हाळ्यातला परकर

बस पावण्या, त्या टायरवर बस. तुझ्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा आत्ता कुठं भट्टीत गेलाय, लाल व्हायला वेळ हाय. चहा सांगितलाय. मघाशी फोनवर वकिलाशी बोलत होतास ते ऐकलं मी. ऐकलं म्हंजे काय, तू ओरडतच होतास, पलीकडच्या पंक्चरवाल्यानंबी ऐकलं. शनिवारी इथल्या कोर्टात पोराची भेट हाय, आन पोराला घेऊन येणारा तो बायकोचा नवा नवरा तुला डोळ्यासमोर नको झालाय. खरं का न्हाई? राहू दे, सांगू नको. मी तुला एक गोष्ट सांगतो. माझीच हाय. गिऱ्हाइकाला कधी सांगत न्हाई, कारण तिच्यात माझीच अब्रू जाती. पण आज सांगतो.

बावीस वर्षं झाली. माझी आन कांचनची फारकत होऊन दीड वरीस झालं होतं. चूक कुणाची ते सोड. तिला विचारलंस तर सगळी माझी, मला विचारलंस तर निम्मी माझी. मोनाली, आमची पोरगी, तवा सात वर्षांची. ताबा आईकडं. मला महिन्यातला पहिला आन तिसरा शनिवार, अकरा ते एक, कोर्टाच्या मागच्या खोलीत. खोलीत काय, दोन बाकडी, एक मोडक्या पायाचा लाकडी घोडा, आन कोपऱ्यात टेबल टाकून चौगुले नावाचा क्लार्क बसलेला. त्याच्या नजरेखाली बापानं लेकीचा लाड करायचा.

माझे वकील मगदूम. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर्जेराव, चार गोष्टी पाळा. वेळेवर या. पिऊन येऊ नका. पोरीसमोर तिच्या आईला शिव्या देऊ नका. आणि पोरीला खोलीबाहेर नेऊ नका. वर्षभर एवढं केलंत तर उन्हाळ्याच्या सुट्टीत पोर घरी न्यायला मिळवून देतो."

"पाळतो की," मी म्हणलं.

तीन पाळल्या.

त्या वर्षी कांचननं दुसरं लग्न केलं. दिगंबर टेलर म्हणून होता एक, बाजारपेठेत छोटं दुकान. बारीक अंगाचा, गळ्यात कायम टेप, बोलला तर शेजारच्याला ऐकू येणार न्हाई. कांचन सूतगिरणीत पहिल्या पाळीला जायची, सकाळी सहाला घर सोडायची. म्हंजे पोरीला उठवायचं, वेणी घालायची, शाळेला धाडायचं, सगळं ह्यानं. शनिवारी सायकलवर पुढं बसवून कोर्टातबी हाच आणायचा. दारात सोडायचा, मला नमस्कार करायचा, आन बाहेर लिंबाखाली दोन तास उभा राहायचा. मी त्याच्या नमस्काराला नमस्कार केला न्हाई. एकदाबी न्हाई.

आन पोरगी दर खेपेला नवा फ्रॉक घालून यायची. दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचा, पण असा बसलेला की वाटावं अंगावरच शिवलाय. खिसे असलेले फ्रॉक. पोरींच्या फ्रॉकला खिसे कोण ठेवतंय? ह्यानं ठेवले होते, तिला चिंचोके ठेवायला लागतात म्हणून. आता बघ, पोरगी माझी, आन तिला खिसे लागतात हे मला म्हाईत न्हाई.

दिवाळीच्या पुढं मी पेठेतनं एक फ्रॉक घेतला. चमचम करणारा, जाळीचा. खोलीत तिला घालून बघितला तर पाठीचा बंद लागंना आन बाह्या कोपरापर्यंत लोंबायल्या. माझं तोंड उतरलेलं बघून ती म्हणली, "असू दे बाबा. पप्पा उसवून नीट करतील."

पप्पा.

चौगुले क्लार्कानं मान खाली घातली. मी त्या दिवशी वर्कशॉपवर येऊन असा घण मारला की ऐरणीवरनं पाटा उडाला. माझ्या हाताखालचा गडी म्हणला, "मालक, कुणाला मारताय?" मी सांगितलं न्हाई, पण त्याला कळलं असणार.

मग मी मोटारसायकल घेतली. जुनी राजदूत, पण इंजिन स्वतः खोलून केलं, टाकी लाल रंगवली. कशापायी? तर त्याच्याकडं सायकल होती. आता हसतोयस, पण तूबी असलंच कायतरी केलं असशील.

एप्रिलचा पहिला शनिवार. मी चौगुल्यांना म्हणलं, "भाऊसाहेब, पोरीला जरा पाणी पाजून आणतो." ते म्हणले, "लगेच या." मी तिला मागच्या दारानं बाहेर काढली आन कोर्टाच्या पटांगणात गाडीवर दोन फेऱ्या मारल्या. पोरगी काय ओरडली रे आनंदानं! "बाबा, आणखी! बाबा, जोरात!" लिंबाखाली तो टेलर उभा होता, त्याच्या अगदी पुढनं नेली गाडी. मुद्दाम. त्यानं नुसता हात वर केला. एक वाजायला आला म्हणून गाडी थांबवली, ती घाईनं खाली उतरली आन तिथंच उभी राहिली. डोळे पाण्यानं भरलेले. मला वाटलं, माझ्यापासनं जायचं म्हणून रडायली. खोटं कशाला सांगू पावण्या, मला लई बरं वाटलं.

तिसऱ्या शनिवारी ती परकर घालून आली. घोट्यापर्यंतचा, जांभळ्या रंगाचा, खाली दुहेरी पट्टी. बाहेर अंगाची लाही व्हायली आन पोरीला पायघोळ परकर. मी म्हणलं, "आज फ्रॉक न्हाई?"

"हा छान हाय."

"उकडत न्हाई व्हय ग?"

"न्हाई."

लाकडी घोड्यावर चढताना परकर वर झाला, आन मला दिसलं. उजव्या पोटरीला आतल्या बाजूला, पेरूच्या पानाएवढा चट्टा. खपली धरलेली, कडेला गुलाबी कातडं. मलम लावून वर पातळ फडकं बांधलं होतं, ते सरकलं होतं.

मी चाळीस वर्षं आगीत हात घालतोय. त्या दिवशी वीसएक झाली असतील. भाजलेलं बघितलं की कशानं भाजलं ते मला सांगता येतं. ठिणगी, पत्रा, तेल, वाफ, प्रत्येकाची खूण निराळी. पण त्या दिवशी माझ्या डोळ्याला एकच दिसलं. टेलरच्या दुकानातली इस्त्री.

"इस्त्रीनं भाजलं?"

तिनं सरकलेलं फडकं वर ओढलं.

"त्यानं भाजलं? मुद्दाम?"

"न्हाई, बाबा."

"मग परकर कशाला घातला? कुणी शिवला हा?"

"पप्पांनी."

झालं. मला सगळं जुळलं. भाजवलं, आन झाकायला परकर शिवला. पावण्या, आता तुला खरं सांगतो. पोरगी भाजली म्हणून काळीज तुटायला पाहिजे होतं, तुटलंबी असंल, पण त्याच्याआधी पोटात एक गोड उकळी फुटली. सापडलास लेका. नमस्कार करतोस न्हाई का. सापडलास.

मगदूम वकिलांनी दोन दिवसात अर्ज टाकला. सुट्टी तोंडावर आलेली, म्हणून तारीखबी आठवड्यातच पडली. तारखेच्या दिवशी कांचन पोरीला घेऊन आली, कांचन पाण्याला गेली तेवढ्यात मी मोनालीला जिन्याखाली गाठलं.

"हे बघ बाळ. आत एक बाई असतील. त्या विचारतील, पाय कशानं भाजला? पप्पांनी इस्त्री लावली का? तू बोलू नको, नुसती मान हलव. एवढंच. मग तू कायमची माझ्याकडं. रोज गाडीवर फेरी."

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणली, "रोज?"

"रोज."

जज्ज एक बाई होत्या, पिकल्या केसांच्या. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आन मोनालीला एकटीला चेंबरमध्ये घेतलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी व्हरांड्यात एका टोकाला, टेलर दुसऱ्या टोकाला. गळ्यात टेप न्हवती तर तो अर्धाच माणूस वाटायला होता. मग आम्हाला आत बोलावलं.

बाईसाहेब म्हणल्या, "मुलगी काहीच सांगत नाही. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. खाली बघून बसली आहे. दिगंबरराव, ही जखम तुम्हाला माहीत होती?"

"होय."

"आईला?"

कांचन म्हणली, "मला ह्या अर्जानं कळलं, बाईसाहेब! शाळेला लांब मोजे, घरात परकर. मी दुपारी दमून येते, मला वाटलं पोरीला हौस आली."

"कशानं भाजलं?"

टेलरनं एकदा मोनालीकडं बघितलं. ती बाकड्याच्या कडेला नखानं उकरायली होती. मग तो म्हणला, "इस्त्रीनंच. दुकानात. माझं लक्ष न्हवतं."

"आणि आईपासून लपवलंत?"

"भ्यालो."

मी मगदूम वकिलांच्या कोपराला कोपर लावलं. ते हसले न्हाईत, पण त्यांच्या मिशा हसल्या.

बाईसाहेबांनी सांगितलं, "मुद्दाम की चुकून, ते पुढं बघू. पण लपवाछपवी मला पटलेली नाही. आजपासून सुट्टीचा महिना मुलगी वडिलांकडे राहील. आणि पुढचा हुकूम होईपर्यंत ह्या गृहस्थांनी तिला न्यायला-आणायला यायचं नाही."

जिंकलो की रे! पायऱ्या उतरताना माझे पाय जमिनीला लागत न्हवते. खाली लिंबाखाली कांचन त्याला चारचौघांत फाडायली होती. "तुझ्या भरवशावर पोर टाकून मी गिरणीत जाते, आन तू तिचा पाय भाजवून वर परकर शिवतोस? लाज कशी वाटली न्हाई?" तो आपल्या चपलांकडं बघत उभा. मला वाटलं, आणखी जरा मोठ्यानं बोल की कांचन, ह्या कानानं नीट ऐकू येत न्हाई.

मी गाडीला किक मारली. "चल मोना, चढ."

ती गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली. परकर दोन्ही हातानं गच्च आवळून धरला.

"अग, हिकडनं चढ की."

"न्हाई, ह्याच बाजूनं. तिकडं परत भाजंल."

"परत?"

तिनं तोंडावर हात ठेवला.

मी इंजिन बंद केलं. खाली उकिडवा बसलो, तिच्या पोटरीपाशी. आन मग मला दिसलं, जे पहिल्या दिवशीच दिसायला पाहिजे होतं. एका बाजूनं गोल, नळीच्या बाकाचा चट्टा. असले चट्टे महिन्याला दोन तरी येतात माझ्या दारात. माझ्या स्वतःच्या पायावर हायत. माझ्याच गाडीचा सायलेन्सर, मीच पॉलिश केलेला.

"त्या शनिवारी? उतरताना?"

तिनं मान हलवली. आता हलवली. "आईला सांगू नका ना बाबा. आई भेटच बंद करंल. पप्पांनीपण सांगितलं न्हाई. मी त्यांना शप्पथ घातलीय."

"मग आत बाईसाहेबांना का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही म्हणला होता मान हलव. पण इस्त्री न्हवती. आन खरं सांगितलं तर तुम्ही येणार न्हाई. मग मी गप बसली."

सात वर्षांची पोरगी. पंधरा मिनिटं त्या बाईसाहेबांच्या पुढं गप बसली, आम्हा दोघांना वाचवायला.

तुला वाटंल, मी तसाच माघारी पळालो. न्हाई. मी तिला गाडीवर घेतलं आन फाटकातनं बाहेर पडलो. मला राग आला होता, आन तो माझा मला न्हाई, त्याचाच आला होता. माझी चूक ह्यानं पोटात घालावी? हा कोण? माझ्या पोरीचं गुपित ह्याच्याकडं, माझ्याकडं न्हाई? शिव्या खाल्ल्या, कोर्टात खाली मान घातली, तरी मोठा झाला तोच. मला वाटलं, बस म्हणावं असाच. कुणाला म्हाईत हाय? महिनाभर पोरगी माझी.

तासगाव फाट्यापर्यंत गेलो. पोरीनं पाठीमागनं माझ्या पोटाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. गाल पाठीला टेकवला होता. त्यासाठीच सगळं केलं होतं बघ मी. आन तिथं ती म्हणली, "बाबा, पप्पांना पोलीस नेणार का?"

"न्हाई ग."

"मग त्यांना आई का ओरडायली होती?"

उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबलो. तिला रस पाजला. मी घेतला न्हाई. मग गाडी वळवली. कांचन आन टेलर हुकमाच्या नकलेसाठी अजून कोर्टातच थांबली होती.

बाईसाहेब जेवून येऊन नुकत्याच बसल्या होत्या. मगदूम वकिलांनी मला दारात बघितलं, कायतरी वास आला त्यांना, माझा सदरा मागनं धरला. "सर्जेराव, काय करताय? जिंकलोय आपण!" मी सदरा सोडवून घेतला.

"बाईसाहेब, पोरगी माझ्या गाडीनं भाजली. इस्त्रीनं न्हाई. त्या टेलरचा काय संबंध न्हाई."

"म्हणजे तुम्ही तिला खोलीबाहेर नेलं होतं?"

"होय."

"आणि आज काय बोलायचं, ते शिकवलं होतं?"

"होय."

त्यांनी चष्मा काढला. मग लिहायला लागल्या. सुट्टी रद्द. दोन महिने भेट बंद. त्यानंतर महिन्यातनं एकच शनिवार, खोलीतच, आन दार उघडं. टेलरवरची बंदी उठवली.

मगदूम व्हरांड्यात म्हणाले, "पंचवीस वर्षांत असला अशील बघितला नाही. उद्यापासून दुसरा वकील बघा." मी बघितला न्हाई, तेबी गेले न्हाईत.

खाली नळापाशी टेलर तोंड धुवायला होता. कांचन पोरीला घेऊन फाटकापाशी थांबलेली. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. नमस्कार करायला हात उचलंनात, म्हणून विचारलं, "का रं बाबा बोलला न्हाईस?"

"शप्पथ होती."

"सात वर्षांच्या पोरीची शप्पथ!"

त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलला. "सर्जेराव, तुमची भेट असली की शुक्रवारी सकाळपासनं ती माझ्याशी धड बोलत न्हाई. बाबा हे करतात, बाबा ते करतात, बाबांच्या हातात लोखंड वाकतं. मी तिची वेणी घालतो, आन ती आरशातनं रस्त्याकडं बघती. मला काय गोड वाटतंय व्हय? त्या दिवशी गाडी माझ्यापुढनं नेलीत, ती ओरडायली होती, जोरात, जोरात. माझ्या सायकलवर ती कधी ओरडली न्हाई."

"मग तुला तर बरंच होतं. एक शब्द बोलला असतास तर मी गेलो असतो."

"गेला असता," तो म्हणला. "दोन रात्री तेच डोक्यात होतं. मग परकर शिवायला घेतला."

एवढं बोलून सायकलकडं गेला. मोनाली पुढं बसली. फाटकातनं बाहेर पडताना तिनं मागं वळून मला हात केला. सायकल डुगडुगली तसं तिनं त्याचा हात धरला. दोन्ही मी बघितलं.

आता ती मिरजेत नर्स हाय. जावई चांगला हाय, मला भितो. तिचे ब्लाउज अजून तो दिगंबरच शिवतो, नजर कमी झालीय तरी. सणाला आम्ही एका पंगतीला बसतो, मी त्याला आग्रह करतो, तो मला करतो. आन ती त्याच्या ताटात आधी वाढती का माझ्या, ते मी अजून बघतो. हे जात न्हाई पावण्या. कुणी सांगितलं जातं म्हणून, तर समज त्यानं कोर्टाचं तोंड बघितलेलं न्हाई.

पण मी तुला एक सांगू का? त्या दिवशी जिन्याखाली पोरीला घेऊन उभा होतो ना, तवा माझ्या शेजारी कुणी न्हवतं. वकील वर होता. भाऊ कामाला गेलेला. शेजारी नुसता एक माणूस उभा असता, माझ्यापेक्षा चार बुकं कमी शिकलेला चालला असता, तर पोरीच्या कानात ते सांगायला माझी जीभ उचलली नसती. लाजंकाजं तरी गप बसलो असतो.

तुझा पाटा झाला बघ लाल. बसवून देतो, तासाभरात निघशील.

तेवढं शनिवारी मला संगं घेऊन चल. मी काय बोलणार न्हाई, तुझ्या पोरालाबी हाक मारणार न्हाई. बाकड्यावर तुझ्या शेजारी नुसता बसतो. नेशील का?